हत्यारांना शेक

धाकट्याच्या हातात काही टिकत नाही, असं थोरल्याचं मत होतं, आणि थोरल्याची मतं त्याने केलेल्या कपाटांसारखी होती: एकदा बसली की हलायची नाहीत. उभी हयात सुतारकामात काढलेल्या या दादाने कचेरीत कारकुनी करणाऱ्या भावाला कधी साध्या पटाशीलाही हात लावू दिला नव्हता. त्यामुळे वहिनी गेल्यावर मुलीकडे राहायला निघालेल्या दादाने हत्यारांची पेटी धाकट्याच्या गॅरेजमध्ये आणून ठेवली, तेव्हा त्याला साठी उलटल्यावर एकदाचं पास झाल्यासारखं वाटलं.

"तेलाच्या फडक्यात गुंडाळलीत. तशीच राहू दे," दादा म्हणाला. "तिकडे जागा झाली की नेईन."

तशीच राहू दिली असती तर ही गोष्ट झाली नसती. पण थंडी पडली. गॅरेजचं पत्र्याचं दार उघडताना बोटं बधिर व्हायला लागली, आणि धाकट्याला हत्यारं गारठतील अशी काळजी लागली. त्याने माळ्यावरचा रॉकेलचा स्टोव्ह उतरवला आणि रोज सकाळी गॅरेजमध्ये पेटवायला सुरुवात केली. गुंडाळलेल्याला ऊब लागणार कशी, म्हणून फडकीही सोडली. रंधे, पटाश्या, करवती कोवळ्या उन्हात पोरं निजवावीत तशा फळीवर मांडल्या.

"हत्यारांना शेक, आणि माझे गुडघे गेली वीस वर्षं वाट बघतायत," बायको म्हणाली.

"गुडघे दादाचे नाहीत."

काही दिवसांनी रंध्याच्या पात्यावर तांबूस ठिपके दिसले. धाकट्याने विचार केला आणि ऊब कमी पडत असल्याचं निदान केलं. स्टोव्ह संध्याकाळीही पेटू लागला. छताच्या पत्र्याला पाणी सुटलं, तेव्हा त्याने बाहेरच्या धुक्याला शिव्या घातल्या.

मग दादाचा फोन आला. मुलीने मागची खोली रिकामी करून दिली होती. नातीला दिवस गेले होते, तिच्या बाळासाठी पाळणा करायचा होता. "हा शेवटचा. मग हात थांबवणार," दादा म्हणाला.

तो आला. त्याने फळीकडे पाहिलं, स्टोव्हकडे पाहिलं, मग मान वर करून छताकडे.

"हा कशाला?"

"ऊब राहावी म्हणून. रोज पेटवायचो. एक दिवस चुकवला नाही."

"रॉकेल जळतं तेव्हा वाफ सुटते रे. ती गार लोखंडावर जाऊन बसते. चहा पिताना चष्म्यावर बसते तशी."

धाकट्याने उगाच चष्मा काढून पुसला.

"उघडी कुणी केली?"

"मीच."

"दुसरं कोण करणार," दारातून बायको म्हणाली, आणि दादाचा चेहरा पाहून आत निघून गेली.

दादाने पॉलिश पेपर घेऊन रंध्याचं पातं घासलं. गंज निघाला. खाली धारेपाशी बारीक खड्डे पडले होते, ते निघेनात.

"याने लाकडावर रेघ उठेल का?" धाकट्याने विचारलं.

"उठेल."

"नवं पातं आणू?"

"हे माझ्या हाताला बसलेलं आहे. नव्यावर हात बसायला आता दिवस कुठून आणू?" दादाने पातं पुसून फडक्यात गुंडाळलं. "चालेल."

धाकटा शिव्या खायला तयार होऊन उभा होता. हा शब्द त्याने दादाच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता. केसाएवढ्या फटीसाठी बसवलेला दरवाजा पुन्हा उतरवणारा माणूस, सगळ्या गिऱ्हाइकांशी या एका शब्दावरून भांडलेला. तो आता शेवटच्या पाळण्याला म्हणत होता, चालेल.

"दादा, बोल ना काहीतरी."

"काय बोलू? जीव लावलास तू."

एकेक हत्यार पेटीत गेलं. दादाने एका बाजूची कडी धरली.

"ती बाजू उचल," तो म्हणाला. नीट धर, असं काही म्हणाला नाही.