आधी ती पोती उतरवा

मी डबी बोलतेय. बोलतेय कसली, भांडतेय म्हणा. तीन महिने माझ्या पाठीत वाळूची पोती कोंबली आणि दोष दिला एका पोरीच्या हातांना! माझं तोंड आज उघडलंय ते त्यामुळेच.

तशी मी काही जन्मजात भांडखोर नाही. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा चांगली हसऱ्या तोंडाची होते. मला घडवणाऱ्यांनी ठरवूनच इवलीशी केली. अंगाने हलकी, लांबीला आखूड, दोन माणसं ऐसपैस आणि दोन अंग चोरून बसतील एवढी. अरुंद गल्लीत मोठ्या गाड्या अडकून बसत आणि मी सुळकन निघून जाई. माझी पहिली मालकीण कपडे शिवायची. तयार कपडे मागच्या सीटवर आडवे ठेवून घरोघरी पोचवायची. सहा वर्षं आम्ही दोघी गावात फिरलो. तिने मला कधी वाईट शब्द ऐकवला नाही.

मग तिची नजर अधू झाली आणि मी या घरात आले. घरातली मुलगी नर्स. तिला नोकरी लागली ती पन्नास किलोमीटरवरच्या दवाखान्यात. सकाळी सातला हजेरी, आणि त्या वेळेला पोचवणारी बस नाही. म्हणजे मी असेन तर नोकरी. मला पाहिल्या पाहिल्या ती म्हणाली, "अगं बाई, ही तर डबीच!" तेच माझं नाव पडलं. मला ते आवडलंही होतं.

पण माझी आणि हायवेची ओळख नव्हती. बाजूने टँकर गेला की वाऱ्याचा असा झपाटा बसायचा की मी हातभर सरकायचे. आता हलक्या गाडीला वारा लागणारच. वेग सत्तरच्या आसपास ठेवा, टायरमध्ये नीट हवा भरा, चाकं सरळ करून घ्या, मी जाते की व्यवस्थित! हवा किती भरायची याचा तक्ता माझ्या दाराच्या कडेला चिकटवलेला आहे. रोज दार उघडतात, रोज तो नाकासमोर येतो. वाचायला काय डोळे दुखतात?

मुलीने घरी सांगितलं, "बाबा, गाडी हायवेला हलते."

झालं! तिचे बाबा म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर पंचवीस वर्षं काढलेला माणूस. अख्खं आयुष्य भरलेले ट्रक बघण्यात गेलेलं. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, टपावर दोनदा थोपटलं आणि निकाल दिला.

"वजन नाहीये हिला. रिकामा ट्रक उड्या मारतो, भरलेला रस्ता धरून बसतो. जड केली की गप्प चालेल."

दुसऱ्या दिवशी साठ-साठ किलोची दोन पोती माझ्या डिकीत आली. शिवाय चारही टायरांतली हवा कमी केली, का तर नरम टायर रस्त्याला चिकटतो म्हणे! उंटावरून शेळ्या हाकायला कुणी यांच्याकडून शिकावं. अहो, ट्रकचं वजन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असतं. माझी डिकी चाकांच्याही मागे लोंबते. हातगाडीत सगळा माल मागे लोटला की पुढचे दांडे वर उचलले जातात, तसं माझं झालं. पुढची चाकं रस्त्यावर टेकलेली होती, पण नावाला. पोरगी स्टिअरिंग फिरवी आणि मला ते क्षणभर उशिरा कळे. मागचा भाग तर आपल्याच तंद्रीत डुलायचा.

"बाबा, आता जास्तच हलतेय."

"गाडी नाही हलत. तुझे हात कच्चे आहेत."

ऐकलंत? चोर सोडून संन्याशाला फाशी! मी रागाने इंजिन तापवलं, डिकीचं झाकण करकरवलं, पण माझी भाषा कुणाला येते? त्यात आईने री ओढली. "पुन्हा अशी हलली ना, तर गाडी विकू आणि तू नोकरी सोड. जीव महत्त्वाचा."

त्या पोरीचा त्या नोकरीत किती जीव आहे, हे मी रोज बघत होते. येताना थकलेली असायची, पण वॉर्डातल्या कुठल्या आजीबाईंनी आज पहिली पावलं टाकली, ते मला सांगत सांगत यायची. हळूहळू ते बोलणं बंद झालं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, "मला जमत नाही. मलाच जमत नाही." तिच्या तळव्यांचा घाम मला कळायचा. मला तेव्हा त्या पोत्यांना चावावंसं वाटायचं.

मग तो पुलाचा दिवस आला. भर दुपार, आडवा वारा, शेजारून टँकर. तो पुढे गेला आणि माझं मागचं अंग फेकल्यासारखं बाहेर गेलं. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. कठडा माझ्या आरशाला घासून गेला. पोरीने ब्रेकवर पाय मारला नाही, फक्त वेग सोडला आणि मला धरून ठेवलं. कच्चे हात म्हणे! त्या हातांनीच त्या दिवशी आम्हा दोघींना वाचवलं.

पूल संपल्यावर ती कडेला थांबली आणि ढसाढसा रडली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने सगळं पाहिलं होतं. तो उतरून आला, पाण्याची बाटली दिली, माझी खाली बसलेली शेपटी बघितली आणि डिकी उघडायला लावली.

"ताई, ही पोती कुणी ठेवली?"

"बाबांनी. गाडी स्थिर राहावी म्हणून."

"अहो, शेपटीला धोंडा बांधून कुणी पळतं का? भार कुठे टाकायचा हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात." असं म्हणत त्याने दोन्ही पोती ओढून काढली आणि कडेला टाकून दिली. "आता हळू जा. आणि आधी हवा भरा."

पुढच्या पंपावर तिने तक्ता वाचून हवा भरली. काय सांगू! तीन महिन्यांनी माझे पाय जमिनीला लागले.

घरी बाबांनी ऐकून घेतलं का? छे! "रस्त्यावरचा कोण ट्रकवाला मला वजन शिकवणार?"

पोरगी शांतपणे म्हणाली, "मग तुमच्या काट्यावरच चला. पोती भरून घ्या पुन्हा. तुम्हीच मोजा."

वजनकाट्यावर आता दुसरा माणूस होता. त्याने "या काका" म्हणून खुर्ची दिली. बाबांनी खुर्ची नाकारली. पोरगी माझ्यात बसली. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग नुसती मागची. पोत्यांशिवाय पुढे चारशे तीस, मागे दोनशे नव्वद. मग पोती चढवली. मागे चारशे तीस. पुढे चारशे दहा.

"काका, पुढचं वजन घटलं की," तो माणूस म्हणाला.

बाबांनी पुन्हा मोजायला लावलं. आकडा तोच. पंचवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं होतं की काटा खोटं बोलत नाही. त्यांनी स्वतः वाकून पोती बाहेर काढली. कुणाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर चाकांची अलाइनमेंट झाली. मी सरळ झाले. पण बाबा शेजाऱ्यांना काय सांगत सुटले माहीत आहे? "गाडीत दोष होता, काढून टाकला." दोष! माझ्यात! माझ्या सायलेन्सरमधून वाफ निघायची बाकी होती.

रविवारी ते पोरीच्या शेजारी बसले. दाराच्या वरचं हँडल गच्च धरून. तोच पूल, तोच वारा. टँकर आला. मी जराशी हलले, पोरीने बोटभर सावरलं आणि आम्ही सरळ निघून गेलो. पूल संपला तेव्हा बाबांचा हात हँडलवरून मांडीवर आला होता.

"बाबा, माझे हात कसे वाटले?"

ते म्हणाले, "चांगलेच होते."

"होते?"

"आहेत. आधीपासून होते. मीच..." पोरीने त्यांना पुढचं बोलायला लावलं नाही.

तिने माफ केलं. मी नाही केलं. डिकीच्या फटीत अजून वाळू आहे, खड्ड्यातून गेलं की खरखरते आणि मला सगळं आठवतं. बाबा आता रोज सकाळी तक्ता वाचून चारही टायर तपासतात. तपासू देत. मी गप्प उभी राहते, एवढंच.

तुम्हाला एकच सांगते. घरातली पोरगी उद्या म्हणाली की गाडी हलतेय, तर तिचे हात बघायला जाऊ नका. वाकून गाडीची डिकी उघडा. काल तिने येताना मला सांगितलं, वॉर्डातल्या त्या आजीबाई काठी टाकून चालल्या. तीन महिन्यांनी सांगितलं हो मला काहीतरी!