रंभेचं बोट

"अहो, सोडा तो गिलास! बोट बघा बोट!"

रंभानं चहाचा स्टीलचा गिलास नवऱ्याच्या हातातून ओढून काढला. काशीरामच्या बोटाला टम्म फोड आलेला, आणि गड्याला पत्ताच नाही.

"साखरेच्या दुखण्यानं मेली वाटतं बोटं. कवापासून कळत नाय?"

काशीरामला कालचा ट्रॅक्टर आठवला.

चंदनसारला त्याचं गॅरेज. जुना ट्रॅक्टर आला की आधी त्याचं मॉडेल ओळखावं लागतं, नाहीतर पार्ट कुठला आणणार? नावाची पट्टी कधीच भंगारात गेलेली असते. खरा नंबर असतो गिअरबॉक्सच्या पोटाखाली, इंग्रजी आकड्यांत, लोखंडातच ओतलेला. तिथं डोळा पोचत नाही, मोबाईल शिरत नाही. बोट घालायचं आणि चाचपून वाचायचं. काशीरामनं उभी हयात तसंच वाचलं.

काल नंदाखालला पीटरच्या ट्रॅक्टरखाली तो असाच झोपला होता. स्टिअरिंगचा दांडा चिरलेला. नंबर चाचपला, शेवटचा आकडा तीन. भंगारवाल्याकडून तीनच्या मॉडेलचा दांडा आणला. तीनचा नि आठचा, दोन्ही बाहेरून जुळे भाऊ. आतलं भोक तेवढं वेगळं. बसवताना दांडा अडला. दोन हातोडे घातले, बसला.

"हातानं बसतो तो आपला, हातोड्यानं बसतो तो परका," हे जगाला सांगणारा काशीरामच. काल कसा विसरला?

आणि आज आगेरा, नव्या भाताचा सण. पीटर त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली लावून वाडीतली पोरं नि भाताच्या पेंढ्या चर्चला नेणार. वाटेत तळ्याचं वळण. वळणावरच दांडा निसटला तर?

फोन लावला. पीटर उचलेना.

"रंभा, चल."

"मी कशाला वो?"

"एकल्याला भ्या वाटतंय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या तोंडून हे तिनं पहिल्यांदा ऐकलं. चप्पल घातली नि निघाली.

रिक्षात तो अंगठ्यानं बोटं चोळत बसला. जशी काय दुसऱ्याचीच. तळ्यापाशी गर्दी दिसली आणि तो रिक्षातून अर्धा बाहेर वाकला. जवळ गेल्यावर बघतो, तर मासळीवाली बसलेली.

पीटरच्या दारात ट्रॉली पोरांनी गच्च भरलेली. इंजिन चालू.

"पीटर, बंद कर! पोरं उतरव!"

"काय काका, काल तुमीच बोल्लात ना, आता धा वरसं बघायला नको?"

"बोल्लो. आता बोलतो उतरव."

पीटरची बायको एस्थर पुढे आली. "काका, तिकडे फादर वाट बघतात. झालं काय ते तरी सांगा."

वाडीतली माणसं जमली होती. काशीरामनं खाली बघितलं.

"माझी बोटं मेल्यात, पोरी. काल काय वाचलं, माझं मलाच ठाव नाय."

पीटरनं चावी फिरवली. इंजिन थांबलं. त्यानं स्वतः खाली शिरून बघितलं, पण त्याचा पंजा आत जाईना. रंभानं पदर खोचला नि ट्रॅक्टरखाली आडवी झाली. शेजारी काशीराम. त्यानं तिचं मनगट धरून आत सारलं.

"अजून आत. खरबरीत लागतं?"

"लागतं."

"शेवटचा आकडा. डाव्या अंगानं उघडा का बंद?"

"गंजलाय वो..."

"सावकाश. घाई नाय."

बाहेर एक पोर हसलं, त्याला कुणीतरी दटावलं.

"बंद," रंभा म्हणाली. "मडक्यावर मडकं."

काशीरामनं डोळे मिटले. आठ.

पोरं पेंढ्या डोक्यावर घेऊन पायीच निघाली. त्यांचं गाणं तळ्याच्या वळणापलीकडे गेलं तरी तो खालीच पडून होता, तिचं मनगट धरून.

"चला, भायेर या आता."

"रंभा... मागल्या महिन्यात चिंचोटीला असाच चाचपून एक दांडा बसवलाय."

तिनं हात बाहेर काढला. बोटाला काळं ग्रीस लागलं होतं. पुसायला पदर हातात घेतला, आणि तसाच सोडला.

"पीटर," तिनं खालूनच हाक मारली, "आमची रिक्षा गेली का रे? थांबव तिला."