ब्रदर ओबेडच्या पायऱ्या

रविवारी सकाळी बेटावरच्या मॉर्न रोझ टेकडीवर मुंगीला शिरायला जागा नसे. किनाऱ्यापासून वरच्या प्रार्थनाघरापर्यंत उभ्या पायऱ्या. म्हातारेकोतारे धापा टाकत वर पोचले, की फाटकातच ब्रदर ओबेड प्रेशरचं यंत्र घेऊन उभा. दंडाला पट्टा गुंडाळायचा आणि आकडा ओरडून सांगायचा.

"एकशे ऐंशी! अहो मावशी, सैतान तुमच्या नसांत झोपाळा टांगून बसलाय!"

मग लक्ष्मणफळाच्या पानांच्या काढ्याची बाटली, सावलीतला बाक, समुद्राचा वारा आणि तासभर स्तोत्रं. शेवटी पुन्हा पट्टा. आकडा धाडकन खाली! लोक रडत, नाचत, एकमेकांच्या गळ्यात पडत.

"मीठ बंद, मांस बंद, नारळाचं दूध बंद," ब्रदर गर्जत असे. "अळकुड्या उकडून खा, माझा काढा प्या. रक्तातली चरबी लोण्यासारखी वितळेल! आणि मागच्या रस्त्यानं गाडीत बसून कुणी यायचं नाही बरं का. पायी येणाऱ्यालाच गुण येतो."

गुण आलेल्यानं सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची, ही तिथली रीत. ऑगस्टिन मासेमारानं अशीच साक्ष दिली आणि दवाखान्याच्या गोळ्या सगळ्यांदेखत कड्यावरून समुद्रात भिरकावल्या. साक्ष दिलेला माणूस पुन्हा गोळी घेताना दिसला, तर तो देवाशी खोटं बोलला असं गाव म्हणतं. त्यामुळे पुढे डोकं ठणकायला लागलं तरी ऑगस्टिननं गोळीचं नाव काढलं नाही. एके दिवशी तो होडीतच कोसळला. मेंदूतली नस फुटली होती.

त्याची धाकटी बहीण क्लॅरिस गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं भावाला नाना परीनं समजावलं होतं. "टीचरबाई, शाळा सुटली आता," म्हणून त्यानं हसण्यावारी नेलं होतं. आता मातीला आलेल्या लोकांसमोर ब्रदर ओबेड हात वर करून सांगत होता, "आमच्या भावानं पथ्य मोडलं! घरातल्याच कुणीतरी त्याला नको ते खाऊ घातलं."

चोराच्या उलट्या बोंबा. पण घाव नेमका वर्मी बसला. ऑगस्टिनची बायको ऑलिव्ह त्या दिवसापासून घराबाहेर पडेना.

"वहिनी, तुझ्या प्रेशरच्या गोळ्या कुठायत?" क्लॅरिसनं एका दुपारी विचारलं.

"सोडल्या. ब्रदरचा काढा घेते."

"दादाचं काय झालं ते बघूनही?"

"त्याला काढ्यानं नाही, मी मारलं," ऑलिव्ह म्हणाली. "ऑइल डाऊनचं कालवण कर म्हणाला. नीरफणस, नारळाचं दूध, खारवलेलं डुकराचं शेपूट, सगळं घालून केलं. लहान पोरासारखा बोटं चाटत जेवला गं. आणि आठवड्यात गेला. आता मी तरी पथ्य पाळते. तेवढीच फेड."

क्लॅरिसला हुंदका आवरेना. भाऊ तर गेलाच होता, आता वहिनीही त्याच वाटेनं निघाली होती. ती घरी येऊन विचार करत बसली. गाडीनं का नको? ब्रदरला नेमक्या पायऱ्याच का हव्यात? ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. इतकं साधं, आणि भाऊ असेपर्यंत सुचलं नाही!

पुढच्या रविवारी ती वहिनीला घेऊन टेकडी चढली. फाटकात पट्टा बांधून घेतला.

"टीचर, एकशे अठ्ठावन्न! ज्ञानाचा गर्व चढलाय!" ब्रदर खूश झाला.

क्लॅरिसनं बाटली घेतली, सगळ्यांना दिसेल अशी मांडीवर ठेवली आणि गप्प बसून राहिली. स्तोत्रं संपली. आकडा आला एकशे बावीस.

"बघा! काढ्याचा गुण!"

"कुठला काढा, ब्रदर? बाटलीचं बूच तरी उघडलंय का बघा."

गर्दीत खसखस पिकली. ब्रदरनं हात वर केले. "कृपा... कृपा हवेतूनही पोचते!"

बाजारात मासे विकणारी फिलोमीन उठली. आवाज असा, की लाटाही दबून जाव्यात. "मी तर आख्खी बाटली ढोसलीय बाबा. आकडाही उतरलाय. थांबा, थोड्या पायऱ्या उतरून परत येते."

ती हाशहुश करत परतली. क्लॅरिसनं पट्टा बांधला. आकडा पुन्हा फाटकात होता तेवढाच वर.

"पोटात काढा, हवेत कृपा," फिलोमीन म्हणाली, "मग हे परत चढलं कसं रे ओबेड?"

"चढ चढला की प्रेशर चढतं, सावलीत बसलं की उतरतं," क्लॅरिस म्हणाली. "ह्यानं धापा टाकताना मोजलं, विसावल्यावर मोजलं. म्हणून तर गाडी नको! मीठ कमी करा, चरबी कमी खा, रोज चाला. चांगलंच आहे, डॉक्टरही तेच सांगतात. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. माझ्या भावानं ती सोडली. पाया पडते तुमच्या, कुणी आकडा दाखवला की टाळी वाजवण्याआधी विचारा, कधी मोजला, कसा मोजला?"

"देवाची परीक्षा घेता?" ब्रदर ओरडला. काही जण उठून चालू लागले. काही जण बाटल्या छातीशी धरून बसूनच राहिले. बुडत्याला काडीचा आधार, तो असा लगेच सुटत नाही.

दोघी घरी आल्या. क्लॅरिसनं दवाखान्यातून आणलेली गोळी आणि पाणी पुढे केलं. ऑलिव्हनं गोळी गिळली.

"म्हणजे एका ताटानं तो गेला नाही?"

"नाही, वहिनी. एका ताटानं नाही."

ऑलिव्ह चुलीपाशी गेली. मग म्हणाली, "जायच्या आदल्या दिवशी त्यानं तेच ताट परत मागितलं होतं गं. मी नाही म्हणाले. उकडलेल्या अळकुड्या वाढल्या."