हिरवं तेवढं सोडून

नाव कोरलेले दगड चार. चुना फासलेले दगड दोन, पण त्यातला एक कबरीचा की जुन्या कुंपणाचा, हे सांगता येत नव्हतं. बाकी सगळं गवत. घाटंजीच्या कब्रस्तानाचा हा मागचा कोपरा, भिंतीपासून नाल्यापर्यंत. कमरेइतकी वाळलेली कुसळी, तिच्यात तरोट्याच्या काळ्या काड्या, भिंतीलगत रायमुनियाची सात झुडपं, आणि नाल्याच्या बाजूला हिरवंगार गाजरगवत. ते मोजण्याच्या पलीकडे होतं.

"चार धरा, चाचा," इमरान म्हणाला. "फार तं पाच. बाकी जागा मोकळी आहे."

"मोकळी नाई. झाकलेली हाय," अब्दुल गनी म्हणाले.

इमरान त्यांचा पुतण्या. बसस्टँडजवळ त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि कब्रस्तान कमिटीत तो वयानं सगळ्यात लहान होता. गेल्या पावसाळ्यात पुढच्या भागात जागा उरली नाही म्हणून दोन मय्यती अगदी वाटेला लागून दफन कराव्या लागल्या. एका खड्ड्यात पाणी भरलं. माणसं बादल्यांनी पाणी उपसत होती आणि जनाजा बाजूला ठेवलेला होता. ते पाहिल्यावर इमराननंच कमिटीत विषय काढला. हा कोपरा सपाट करायला सोमवारी जेसीबी येणार होता. मौलानासाहेबांनी नियम सांगितला होता: जी कबर जुनी आहे आणि जिचं काही निशान उरलेलं नाही, ती सपाट करता येते. निशान असेल तिला हात लावायचा नाही.

नियमाबद्दल अब्दुल गनींची तक्रार नव्हती. त्यांची मुलगी मुस्कान या कोपऱ्यात होती. बावीस वर्षांपूर्वी काविळीनं गेली तेव्हा चार वर्षांची होती. लहान मूल जनाज्यावर नेत नाहीत, हातावर नेतात. गनींनी तिला घरापासून इथपर्यंत दोन्ही हातांवर आणलं होतं. कडुनिंबाच्या पश्चिमेला, असं त्यांना पक्कं आठवत होतं. पण तो कडुनिंब एका वादळात पडला, त्याचं खोड कोणीतरी नेलं, आणि बुंधा कुठे होता हेही आता गवतात समजत नव्हतं.

"सोमवारच्या आत हे गवत काढतो," ते म्हणाले. "निशान दिसलं तं दिसलं."

"फवारा मारू का? आज मारला तं चार-पाच दिवसांत सगळं पिवळं पडते."

"हिरव्यावर फवारा मारतेत काय, बेटा?"

हे इमरानलाही लहानपणापासून माहीत होतं. कबरीवरचं हिरवं गवत तसबीह पढतं, म्हणजे अल्लाचं नाव घेतं, त्यानं आतल्या माणसाला आराम मिळतो, म्हणून ते उपटायचं नाही. वाळलेलं काढलं तर चालतं.

अब्दुल गनी मोटरपंप दुरुस्त करणारे. चाळीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांतल्या विहिरींतून मोटरी वर ओढल्या, खोलल्या, परत सोडल्या. गवत कापायची त्यांना सवय नव्हती. म्हणून त्यांनी श्रावणला बोलावलं. श्रावण शेतमजुरी करायचा, गल्लीच्या पलीकडे बुद्धविहाराजवळ राहायचा, आणि दोघांची ओळख एका विहिरीत उतरताना झाली होती. तो दोन विळे, एक खुरपं आणि धारेचा दगड घेऊन आला. भिंतीकडून कापायला सुरुवात झाली.

श्रावण डाव्या हातात मूठभर गवत धरून जमिनीलगत विळा ओढायचा आणि पुढे सरकायचा. गनी एकेक काडी पकडल्यासारखे कापत होते.

"गनीभाई, मोटर खोलून राह्यले का गवत कापून राह्यले? प्रत्येक काडीचा नटबोल्ट पाहता."

"तू तुह्यं पाय. आन ते हिरवं राहू दे."

श्रावणचा विळा थांबला. कुसळीच्या बुडाशी हरळीचा एक हिरवा पट्टा होता. "काहून?"

गनींनी कारण सांगितलं. श्रावणनं पट्ट्याकडे पाहिलं, मग विळा वळवून त्याच्या कडेकडेनं कापायला लागला. काम मंदावलं. सलग कापण्यापेक्षा सोडत सोडत कापायला दुप्पट वेळ लागतो. कुसळं पायजम्यातून मांडीपर्यंत टोचत होती. दुपारपर्यंत गनींच्या तळहाताला फोड येऊन फुटला. त्यांनी त्यावर रुमाल गुंडाळला आणि परत उकिडवे बसले.

"बसा थोडे," श्रावण म्हणाला. "तुम्ही इथंच आडवे झाले तं मले एक खड्डा जास्तीचा."

"तुले खड्डा खोदता येते काय आमचा?"

"मजुरी द्या, कोनाचाही खोदतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुस्कानची आई हजराबी डबा घेऊन आल्या. त्यांच्या जमातीत बाया कब्रस्तानात येत नाहीत. बावीस वर्षांत हजराबींनी मुलीची कबर पाहिली नव्हती. शब-ए-बारातला, कबरींवर जायच्या रात्री, गनी जाऊन यायचे आणि त्या विचारायच्या, गवत हिरवं आहे का, कुत्री तर उकरत नाहीत ना. कोपऱ्यात शिरता येईनासं झाल्यापासून गनी कडेलाच उभं राहून फातिहा पढत आणि घरी येऊन कडेवरूनच पढलो असं सांगत. यंदाची शब-ए-बारात पुढच्या आठवड्यात होती.

भिंत खांद्याइतकी उंच होती. बाहेरच्या बाजूला पडलेल्या एका मोठ्या दगडावर चढून हजराबींनी डबा आत दिला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"सापडते का हो सोमवारच्या आत?"

"सापडायले थे हरवली हाय काय? जिथं ठेवली तिथंच हाय. आपल्यालेच दिसून नाई राह्यली."

हजराबी कापलेल्या भागाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "हे काय केलं तुमी? अंगनात खाटा टाकल्यावानी दिसून राह्यलं."

"कायच्या खाटा?"

"हे काय, हिरव्या हिरव्या. एक, दोन, तीन... ओळीनं हायेत की."

गनी उकिडवे बसले होते. तिथून त्यांना फक्त जवळचा पट्टा दिसत होता. श्रावण आधी उठला आणि भिंतीवर चढला. "गनीभाई," तो म्हणाला, "वर या."

गनी गुडघ्यावर हात देऊन भिंतीपाशी आले. श्रावणनं त्यांना वर ओढलं. खाली वाळलेल्या पिवळ्या खुंटांच्या मैदानात हरळीचे सात लांबट आयत होते, सगळे उत्तर-दक्षिण, एकमेकांना समांतर.

त्या कोपऱ्यात वर हातभर काळी माती आहे आणि खाली कडक मुरूम. गवताची मुळं मुरमाला लागली की थांबतात, आणि दिवाळीनंतर वरची माती वाळली की गवतही वाळतं. कबर खोदताना मात्र मुरूम फुटतो. माती परत लोटली तरी ती पहिल्यासारखी घट्ट बसत नाही, वर्षानुवर्षं थोडी थोडी खचत जाते. पावसाचं पाणी तिथे थांबतं, हरळीची मुळं खोल उतरतात, आणि आजूबाजूचं सगळं वाळलं तरी तेवढा तुकडा उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हिरवा राहतो. सगळं सरसकट कापलं असतं तर हे दिसलं नसतं. फवारलं असतं तरी नाही.

"सगळ्या मोठ्या मानसायच्या हायेत," हजराबी म्हणाल्या.

"अजून नाल्याकडचं बाकी हाय," गनी म्हणाले आणि खाली उतरले.

नाल्याकडचं गाजरगवत मात्र मुळापर्यंत हिरवं होतं. नाल्याच्या ओलीमुळे ते कमरेच्या वर वाढलं होतं आणि खाली काय आहे ते दिसत नव्हतं. श्रावण त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हे बी तसबी पढते काय?"

गनींनी विचार केला. "मी तं नाई ऐकली."

"मंग उपटू?"

"उपट. पन कापू नको, मुळासकट काढ. आन खालची हराळी हलवू नको."

गाजरगवताचा चीक अंगाला लागला की खाज सुटते. शनिवारी संध्याकाळपर्यंत गनींचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले, डोळ्यांच्या कडा सुजल्या. हजराबींनी खोबरेल तेल लावलं आणि रविवारी जाऊ नका असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी जुन्या सदऱ्याच्या बाह्या कापून, मनगटाला नाड्या लावून दिल्या.

रविवारी इमरान दुकान बंद करून आला. भिंतीवर चढून त्यानं आयत मोजले. भिंतीकडे सात, नाल्याकडे आतापर्यंत चार.

"चाचा, एवढ्या कबरी असतील तं जेसीबी फिरवायचा कुठून?"

"नाल्याच्या त्या कडेनं फिरव. तिथं खाली हराळीचा एकही तुकडा नाई. मी पाह्यलं."

"तिथं तं मुरूमच मुरूम आहे."

"जेसीबीले मुरूम कोनता जड जाते? आठ-दहा जागा निघतीन. तुह्याही कामाच्या हायेत, माह्याही."

इमरान हसला. "तुमच्यासाठी नाई काढत मी एवढ्यात." मग त्यानं चपला काढल्या, पायजमा वर खोचला आणि श्रावणच्या शेजारी बसून गाजरगवत उपटायला लागला. पहिली दोन झुडपं त्यानं वरूनच तोडली. श्रावणनं त्याच्या हातात खुरपं दिलं.

ऊन कलल्यावर शेवटचा पट्टा मोकळा झाला. खाली हरळीचे आणखी दोन तुकडे होते. बाकीच्यांपेक्षा आखूड, निम्म्यानं. शेजारी शेजारी, मध्ये हातभर अंतर.

श्रावण आणि इमरान दोघेही उठून मागे सरकले. गनी बसूनच होते. त्यांनी एका तुकड्याच्या कडेवरून हात फिरवला, मग दुसऱ्याच्या.

"यातली मुस्कान कोनती?" इमराननं हळूच विचारलं.

"पश्चिमेची. नाई तं..." ते थांबले. "त्या टायमाले एकच होती. दुसरी मागून कोनीतरी ठेवली."

दुसरी कोणाची, हे इमरानला माहीत नव्हतं. त्यानं तिथूनच दोन जुन्या माणसांना फोन लावला. त्यांनाही आठवेना.

हजराबी भिंतीपलीकडे दगडावर उभ्या होत्या. त्यांना दोन्ही दिसत होत्या.

"कोनती?" त्यांनी विचारलं.

गनी भिंतीजवळ गेले. "दोन हायेत," ते म्हणाले. "मले ओळखू नाई येत."

हजराबी दोन्हींकडे आळीपाळीनं पाहत राहिल्या. त्यांनी पदर डोक्यावर नीट केला.

"तुमी पढाल तं दोघीयपाशी पढा," त्या म्हणाल्या. "आन दगडं दोघीयले लावा. त्या दुसरीची माय कुठं असन, काय मालूम."

गनींनी डोक्याशी आणि पायथ्याला लावायला दोनच दगड आणले होते. श्रावण नाल्यात उतरला आणि आणखी दोन घेऊन आला, जवळजवळ तेवढेच. दगड कुठे रोवायचे ते ठरवायला गनींनी खिशातून मोटरच्या कामाची मेजपट्टी काढली. एक टोक इमराननं धरलं.

पश्चिमेकडची तीन फूट चार इंच भरली. पूर्वेकडची तीन फूट एक. तेवढ्या तीन इंचांवरून ओळख पटत नव्हती; गनींनी चारही दगड रोवायला घेतले.