लिंबातलं रक्त

चिंधा महाराजांनी लिंबू कापलं आणि सुरीखालून लालभडक रक्त ओघळलं. ओट्याभोवती जमलेल्या बायामाणसांनी एकदम हात जोडले.

"बठ्ठं बाहेरनं शे वं माय!" सगळं बाहेरचंच आहे, असं कुणीतरी पुटपुटलं.

प्रमिलाबाई गर्दीतून पुढे सरकल्या. महाराजांपुढे बसला होता त्यांचा नवरा, रुपचंद. मोटारसायकलवरून पडल्यापासून गडी नीट नव्हता. डोकं ठणकायचं, पोरांची नावं विसरायचा, उगाच अंगावर धावायचा. सीटी स्कॅन तर नॉर्मल आला होता. आणि आपल्याकडे रिपोर्ट नॉर्मल आला, की दुखणं 'बाहेरचं' ठरलंच!

"पिशाच्च मेंदूत ठाण मांडून बसलंय," महाराज गरजले. "अमावस्येला याच्या डोक्यावर नारळ फोडतो. नारळ फुटला की पिशाच्च सुटलं!" जणू पिशाच्चाला धुळ्याची एस्टीच गाठायची होती.

आधीच आपटलेल्या डोक्यावर नारळ? प्रमिलाबाईंना ते काही केल्या पटेना. दुसऱ्या दिवशी शेतावर जातो असं सांगून त्यांनी रुपचंदला थेट धुळ्याला नेलं.

डॉक्टर मिसबाहनी एमआरआय करायला लावला. पडद्यावर राखाडी मेंदू, त्यात मोहरीएवढे काळे ठिपके.

"हे खरं रक्त, काकू. पडल्यावर बारीक नसा फुटून झिरपलेलं. इतकं थोडं सीटीत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयच्या खास तपासणीत दिसतं. बाहेरचं काही नाही, आतलंच आहे. विश्रांती, औषधं आणि तुमचा धीर लागेल. पण डोक्याला पुन्हा मार बसला, तर जिवावर बेतेल."

प्रमिलाबाईंना रडूच फुटलं. "आणि ते लिंबातलं रक्त?"

डॉक्टर हसल्या. "सुरीला जास्वंदीचं फूल चोळायचं न् वाळवायचं. लिंबाचा आंबट रस लागला, की झालं रक्त!"

अमावस्येला ओट्याभोवती पुन्हा गर्दी. महाराज सुरी उचलतात तोच प्रमिलाबाईंनी पिशवीतून घरच्या दोन सुऱ्या काढल्या. पहिलीनं लिंबू कापलं. नुसता रस आणि बिया. जास्वंद चोळलेल्या दुसरीनं कापलं, तर लाल धार!

"श्रद्धा कमी पडली!" महाराज किंचाळले. "नारळ आणा, बसवा रुपचंदला!"

"मंग हाऊ नारय पह्यले तुमना डोकावर फोडा!" प्रमिलाबाई कडाडल्या.

महाराजांचे दोन्ही हात झटकन स्वतःच्या टाळक्यावर गेले. अख्खी गर्दी खदाखदा हसली.

डोकं नाजूक असतं हे महाराजांनाही पक्कं ठाऊक होतं, बघा. मग आपण का विसरायचं? मार लागून माणूस बदलला, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी पुन्हा डॉक्टरकडे न्या. आणि लिंबू? त्याचं सरबत करा.