चार तासांवरची लेक

मामांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही, घड्याळाचं तेवढं ऐकायचं, हा त्यांचा खाक्या. ताई, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, पहिल्यांदा परदेशी निघाली तेव्हा त्यांनी तिच्या तिकिटावरच्या दोन वेळा पाहिल्या आणि वजाबाकी करून मोकळे झाले. सकाळी दहाला सुटणार, दुपारी दोनला उतरणार. "चार तास," त्यांनी रडणाऱ्या मामीला सांगितलं. "तुझ्या माहेरी बसने जायला याहून जास्त लागतात."

मामीने डोळे पुसले. उतरायची वेळ तिथल्या घड्याळाची असते, हे ताई तेव्हाच सांगू शकली असती. पण आई शांत झालीय तर कशाला, म्हणून तिने ते तसंच राहू दिलं. इकडे दिवस तेव्हा तिकडे रात्र, हे मामांना माहीत नव्हतं थोडंच? पण ती माहिती डोक्याच्या एका खणात आणि हे चार तास दुसऱ्या खणात. ताई सुट्टीला आली की दोन दिवस नुसती झोपून काढायची. मामा म्हणायचे, "चार तास बसून यायचं, त्यात एवढं दमायला काय झालं?" आम्ही सगळे हसायचो.

यंदा ताईला सुट्टी मिळेना. मामी फोनवर चिडली, "मग येऊच नकोस," म्हणाली आणि फोन ठेवून दिला. दोघीही सारख्याच हट्टी. महिनाभर मायलेकींनी अबोला धरला, आणि त्यातच मामीला दवाखान्यात ठेवावं लागलं. मामांनी ताईला लगेच कळवलं नाही. चार तासांवर तर आहे, वेळ आली की बोलावू, असा त्यांचा हिशेब. डॉक्टरांनी जवळच्यांना बोलावून घ्या म्हटलं, तेव्हा कुठे फोन केला.

ताई मिळेल त्या विमानाने निघाली. 'विमानात बसले' हा तिचा निरोप मामांना आपल्याकडच्या सकाळी सहाला आला.

मामी दुपारी गेली. रात्री आठला ताई उतरली, तेव्हा विमानतळावर मीच तिला ते सांगितलं. तिथून आम्ही थेट घरी आलो.

मामा दारातच उभे होते. "कुठे राहिली होतीस? दहाला यायला हवी होतीस तू."

"बाबा, बारा-तेरा हजार किलोमीटर आहे ते. चौदा तास लागतात."

"चार."

"चौदा. दर वेळी चौदाच लागायचे."

मामा खुर्चीत बसले. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

"दहाला मी तिला उशी लावून बसवलं," ते म्हणाले. "केस विंचरून द्या म्हणाली, ते दिले. बराच वेळ दाराकडे बघत होती. मग मला विचारलं, 'अजून रागावलीय का हो ती?'"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"तू आली नाहीस म्हणून मीही चिडलो होतो गं," मामा म्हणाले. "म्हटलं, असेल."