अनवाणी इन्स्पेक्टर

सगुणाच्या खानावळीत चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, हा कायदा. आखातातल्या उम्म अल कुवैनच्या कारखान्यांत राबणारी कोकणातली तीस माणसं तिच्याकडे जेवायची, आणि तिसांच्याही चपला बाहेर वाळूत पडायच्या. स्वयंपाकघरात फक्त ती नि पुतण्या दगडू, दोघांच्या पायांत घरातल्या रबरी सपाता.

"काकी, मोरीजवळचं पायपुसणं रोज ओलं असतं," असं दगडू पंधरा दिवस सांगत होता.

"बादली नेतोस ती हिंदकळवत. मग ओलं नाही तर काय सुकं असेल?"

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात परवाना संपला. नगरपालिकेचा इन्स्पेक्टर येऊन स्वयंपाकघर बघणार. त्याने सही केली तर चूल चालू, नाहीतर दाराला लाल कागद, आणि तीस माणसं उपाशी. सगुणाने दोन दिवस घासघास घासलं. डब्यांची बुडं, पंख्याची पाती, मसाल्याच्या बरण्यांची झाकणंसुद्धा.

इन्स्पेक्टर गनीसाहेब आले ते जाडजूड बूट घालून, हातात फायली. सगुणा उंबऱ्यात आडवी उभी.

"साहब, जूता बाहर."

दगडूचा चेहरा पडला. "काकी, ते सरकारी माणूस आहेत."

"सरकारी असले म्हणून काय पाय धुऊन आलेत?"

गनीसाहेब हसले. घरी त्यांची अम्माही असंच म्हणे. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि आत आले. त्यांनी फ्रिज उघडला, कणकेचा डबा हुंगला, भिंतीवर बोट फिरवलं. बोट कोरं. सगुणाची मान ताठ. मग ते मोरीकडे वळले, पायपुसण्यावर पाय ठेवला आणि तिथेच थांबले.

"अम्मा, नीचे से पानी आ रहा है."

पायपुसणं उचललं. खालच्या फरशीच्या सांध्यातून मोरीचं काळं पाणी पाझरत होतं. वास तेव्हा आला. दगडू छताकडे बघत राहिला.

"चार दिन," गनीसाहेब लिहीत म्हणाले. "पाइप बदलो. नहीं तो खलास."

सगुणाने दुसऱ्याच दिवशी प्लंबर धरला. त्याने फरशी उखडली, फुटका पाइप काढला, नवा घातला. तो काम करत असताना ती डोक्यावर उभी राहिली आणि त्याच्या बापजाद्यांपर्यंत पोचली.

चौथ्या दिवशी गनीसाहेब आले आणि आपणहून बूट काढू लागले.

"राहू दे साहब, आज जूता चलेगा," सगुणा घाईघाईने म्हणाली.

"नहीं अम्मा. कायदा आपका है."

ते अनवाणी मोरीपाशी गेले, दोन्ही तळवे फरशीवर टेकवून उभे राहिले, पाय फिरवून बघितले. कोरडे. त्यांनी सही केली. सगुणाने सोलकढीचा पेला पुढे केला, तर म्हणाले, ड्यूटीवर काही घेत नाही.

ते गेल्यावर दगडूला राहवेना. "काकी, मी पंधरा दिवस सांगत होतो."

"सांगत होतास, पण सपाता घालून," सगुणा म्हणाली, आणि आपल्या सपाता काढून तिने बाहेर वाळूत ठेवल्या. "उद्यापासून तूही अनवाणी."